घायपात : बागेतील लागवड व फुलोरा

घायपात : (हिं. रामबांस, लॅ. ॲगेव्ह अमेरिकाना, कुल–ॲस्परॅगेसी, शतावरी कुल). मांसल पानांची, बहुवर्षायू, आयुष्यात एकदाच फुलणारी मोठी ओषधी. मूळची मेक्सिको व त्यालगतच्या दक्षिण टेक्ससमधील असून हल्ली जगातील बहुतेक सर्व उष्ण व उपोष्ण प्रदेशांत तिचा प्रसार झाला आहे. महाराष्ट्रात घायपात हे नाव या जातीबरोबर तिच्या प्रजातीतील इतर काही जातींनाही सरसकट लावतात. काही भागांत केकताड हा शब्दही रूढ आहे. शेताच्या बांधावर, रेल्वेमार्गाच्या कडेने व माळरानावर कुंपण म्हणून तिची लागवड फार पूर्वीपासून होत आली आहे. शोभेकरिता घराभोवतालच्या बागेतही ती लावतात. जमिनीलगत पानांचा झुबका व त्यातून एके वर्षी अकस्मात वर येणारा ५–८ मी. उंच फुलोरा ही तिची वैशिष्ट्ये होत. मांसल वनस्पतींपैकी घरच्या बागेत वाढविता येणाऱ्या फारच थोड्या वनस्पतींचा फुलोरा एवढी उंची गाठतो.

प्रजातीचे ॲगेव्ह हे नाव कार्ल लिनीअस यांनी १७५३ मध्ये दिले. ‘उदात्त’ किंवा ‘भव्य’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते आले आहे. या प्रजातीत दोनशेहून अधिक जाती असून त्या सर्व मूळच्या अमेरिका खंडातील आहेत. पूर्वी या प्रजातीचा समावेश ॲमारिलिडेसी कुलात व नंतर ॲगेव्हेसी या स्वतंत्र कुलात करीत. रेणवीय पुराव्यावर आधारलेल्या आधुनिक वर्गीकरणात ती शतावरी कुलात अंतर्भूत होते. कोवळा पुष्पदंड बाहेर पडताना शतावरीच्या जाड कोंबासारखा दिसतो, हे या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे.

शतवर्षी हे नाव : इंग्रजीत हिला ‘सेंच्युरी प्लँट’ म्हणतात व त्यावरून ती शंभर वर्षांनी एकदा फुलते असा समज पसरला आहे. तो वस्तुस्थितीला धरून नाही. उष्ण हवामानात व मोकळ्या जमिनीत ती साधारणपणे १० ते ३० वर्षांत फुलते. थंड प्रदेशात, विशेषतः कुंडीत वा काचगृहात वाढविलेल्या वनस्पतीला याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. यूरोपातील अशा मंद वाढणाऱ्या वनस्पतींवरून हे नाव रूढ झाले असावे. या समजामुळे बाग लावणाऱ्याची गफलत होते. आपल्या हयातीत ती फुलणार नाही असे गृहीत धरून घायपात भिंतीला, वाटेला किंवा विजेच्या तारांखाली लावली जाते आणि पंधरावीस वर्षांनी तिचा दांडा वर येऊ लागला, म्हणजे ती हलविणे शक्य नसते.

पाने व पाण्याची काटकसर : खोड अत्यंत आखूड असते. त्यावर पाने सर्पिल क्रमाने व दाटीने येतात. पूर्ण वाढलेले पान १–२ मी. लांब व १५–२५ सेंमी. रुंद, करडे हिरवे, तळाशी जाड व मांसल असते. कडेला वाकडे दात व टोकाला ३–५ सेंमी. लांबीचा कठीण, गडद तपकिरी काटा असतो. मध्यभागी पाने एकमेकांस घट्ट लपेटलेली असल्याने कडेच्या दातांचे ठसे शेजारच्या पानावर उमटतात व पान उलगडल्यावरही ते नक्षीसारखे कायम राहतात. काही प्रकारांत पानाला पिवळी वा पांढरी किनार असते. शोभेसाठी असे प्रकार अधिक पसंत केले जातात.

पानाच्या पृष्ठभागावर मेणचट थर असतो. आतील मृदूतकात पाणी साठते व त्यातून जाणाऱ्या लांब धाग्यांच्या जुड्या पानाला बळकटी देतात. हे धागे म्हणजेच वाख. पानांचा झुबका पन्हाळ्यासारख्या खोलगट पानांचा बनलेला असल्याने हलक्या सरीचे पाणीही बुंध्याकडे ओघळते. मुळे फार खोल जात नाहीत. ती मातीच्या वरच्या थरात दूरवर पसरतात व थोडा पाऊस पडला तरी त्वरित पाणी शोषून घेतात.

बहुतेक वनस्पती दिवसा त्वग्रंध्रे उघडून कार्बन डाय-ऑक्साइड घेतात आणि त्याच वेळी त्यांच्यातील पाण्याची वाफ निघून जाते. घायपाताची त्वग्रंध्रे मुख्यतः रात्री उघडतात. हवा त्या वेळी थंड व तुलनेने दमट असल्याने पाण्याचा ऱ्हास कमी होतो. रात्री घेतलेला कार्बन डाय-ऑक्साइड मॅलिक अम्लाच्या रूपात पेशींतील रिक्तिकांत साठविला जातो. दिवसा त्वग्रंध्रे मिटलेली असताना हे अम्ल विघटित होऊन कार्बन डाय-ऑक्साइड मोकळा होतो व सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्यापासून शर्करा तयार होते. अनेक मांसल वनस्पतींत आढळणाऱ्या या प्रक्रियेची एक आरंभीची नोंद भारतातील आहे. मद्रास इलाख्यात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन यांनी पानफुटीची पाने सकाळी आंबट, दुपारी बेचव व सायंकाळी किंचित कडवट लागतात, असे १८१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रात नमूद केले होते. या काटकसरीच्या मोबदल्यात वाढ मात्र मंद होते. फुलोऱ्याकरिता लागणारा साठा जमविण्यास घायपाताला इतकी वर्षे लागतात, त्याचे हे एक कारण आहे.

फुलोरा : पुरेशी वाढ झाल्यावर खोडाच्या टोकाचा वर्धनबिंदू पाने निर्माण करणे थांबवितो व त्याचेच रूपांतर फुलोऱ्यात होते. मधली पाने आखूड व अरुंद येऊ लागणे ही त्याची पहिली खूण होय. त्यानंतर मध्यातून हाताच्या दंडाएवढा किंवा त्याहून जाड कोंब निघतो. त्याची वाढ डोळ्यांना जाणवेल इतकी जलद असते. भरात असताना तो दिवसाला सुमारे १०–१५ सेंमी. वाढतो व दोन ते चार महिन्यांत पूर्ण उंची गाठतो. वरच्या अर्ध्या भागात १५ ते ३५ आडव्या फांद्या येतात. प्रत्येक फांदीच्या टोकाशी हिरवट पिवळ्या फुलांचा चपटा गुच्छ असतो. अशा फुलोऱ्याला परिमंजरी म्हणतात. फुले खालून वर या क्रमाने उमलतात, त्यामुळे बहर अनेक आठवडे टिकतो.

प्रत्येक फूल ७–१० सेंमी. लांब असते. परिदले सहा व त्यांची तळाशी नळी झालेली असते. सहा केसरदले परिदलांच्या बरीच बाहेर डोकावतात. किंजपुट अधःस्थ व तीन कप्प्यांचे असते. परागकोश आधी पक्व होऊन फुटतात व किंजल त्यानंतर लांबून किंजल्क ग्रहणक्षम होतो. फुलांत मधुरस विपुल असतो. फळ लांबट त्रिधारी बोंड असून बिया काळ्या व चपट्या असतात.

एवढी सामग्री मुळे अल्पावधीत जमिनीतून मिळवू शकत नाहीत. खोडात व पानांच्या तळाशी वर्षानुवर्षे साठविलेली, मुख्यतः फ्रुक्टन या स्वरूपातील कार्बोहायड्रेटे व पाणी फुलोऱ्याकडे वळविले जाते. परिणामी दांडा उंच होत असता खालची पाने पिवळी पडतात, सुरकुततात व लोळू लागतात. बिया पक्व झाल्यावर तो झुबका मरतो. आयुष्यात एकदाच फुलून मरणे हा क्रम बांबूच्या अनेक जातींतही आढळतो.

सर्व साठा एकाच फुलोऱ्यात खर्ची पडण्यामागचे कारण परागणाशी जोडले जाते. विरळ झुडपांच्या रखरखीत प्रदेशात उंच दांड्यावरील फुले दुरून दिसतात व त्यांच्याकडे परागण करणारे प्राणी अधिक आकर्षित होतात. त्यामुळे थोडाथोडा फुलोरा दरवर्षी आणण्यापेक्षा एकच भव्य फुलोरा आणणे अशा जातींना लाभदायक ठरले असावे, असे प्रतिपादन केले जाते. मेक्सिकोत या प्रजातीतील अनेक जातींचे परागण मधुरस खाणाऱ्या वटवाघळांकडून होते. त्यांपैकी लेप्टोनिक्टेरिस यर्बाब्यूनी ही जाती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी १९८८ मध्ये संकटग्रस्त म्हणून जाहीर केली होती. संख्या सावरल्यावर २०१८ मध्ये तिचे नाव त्या यादीतून वगळण्यात आले. ही वटवाघळे भारतात नाहीत. येथे फुलांवर मधमाश्या व पक्षी येतात.

बागेत लागवड : जागेची निवड हीच लागवडीतील सर्वांत महत्त्वाची बाब होय, कारण ती पुढे बदलता येत नाही. पूर्ण वाढलेल्या झुबक्याचा व्यास ३ मी. किंवा त्याहून अधिक होतो. म्हणून वाट, अंगण, पाण्याचा नळ व लहान मुलांच्या खेळण्याची जागा यांपासून ती निदान २–३ मी. दूर असावी. वरच्या बाजूस ८–९ मी. उंचीपर्यंत छज्जा, तारा किंवा मोठ्या झाडाच्या फांद्या नसाव्यात. दिवसातून निदान सहा तास ऊन मिळाले पाहिजे. सावलीत पाने लांबट व ढिली होतात आणि फुलोरा लांबणीवर पडतो.

जमीन हलकी, मुरमाड व निचऱ्याची असावी. दख्खनच्या पठारावरील उथळ मुरमाड जमिनीत ती विशेष निगेशिवाय वाढते. भारी काळ्या जमिनीत व कोकणातील जोरदार पावसात मात्र बुंध्याशी पाणी साचून खोड कुजण्याचा धोका असतो. अशा ठिकाणी दगड, विटांचे तुकडे व जाड वाळू घालून सुमारे ३० सेंमी. उंचीचा वरंबा किंवा चौथरा करून त्यावर लागवड करतात. कुंडीसाठी बागेतील माती, जाड वाळू व विटांचा चुरा समभाग घेऊन त्यात थोडे कुजलेले शेणखत मिसळतात. कुंडीत मुळांना वाव कमी असल्याने वनस्पती लहान राहते व फुलोरा क्वचितच येतो. तेव्हा उंच फुलोरा हा हेतू असल्यास ती जमिनीतच लावणे इष्ट होय.

अभिवृद्धी प्रामुख्याने अधश्चरांनी म्हणजे बुंध्याभोवती जमिनीतून फुटणाऱ्या मुनव्यांनी करतात. १५–२५ सेंमी. उंचीचा मुनवा धारदार हत्याराने मुळ्यांसह तोडून सावलीत पाचसात दिवस ठेवावा. कापलेली जागा सुकून तिच्यावर किण धरल्यावरच तो लावावा. ओली जखम मातीत गेल्यास कुजते. मुनवा मातीत खोल न पुरता त्याचा मध्य जमिनीच्या वर राहील असा बसवावा व आठवड्यानंतर बेताचे पाणी द्यावे. पहिली एकदोन वर्षे उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी पाणी दिल्यास वाढ चांगली होते. नंतर पावसाळ्याखेरीज इतर वेळी महिन्यातून एखादे पाणी पुरते व पावसाळ्यात मुळीच लागत नाही. नायट्रोजनयुक्त खतांनी पाने लुसलुशीत होऊन कुजीला बळी पडतात, म्हणून ती टाळावीत.

पाने कापताना हातमोजे व चष्मा वापरणे आवश्यक आहे. रसात कॅल्शियम ऑक्झॅलेटाचे सुईसारखे स्फटिक असून त्वचेला लागल्यास आग होते, खाज सुटते व पुरळ उठतो. मेक्सिकोत घायपाताची तोडणी करणाऱ्या मजुरांत हा त्वचाविकार आढळतो. टोकाचा काटा डोळ्याला गंभीर इजा करू शकतो. वावर असलेल्या बागेत पानाच्या हिरव्या भागाला धक्का न लावता फक्त काट्याचे तपकिरी टोक कात्रीने छाटून टाकतात.

फुलण्याच्या वर्षातील निगा : दांडा दिसू लागताच तो कापला तर वनस्पती वाचेल अशी अनेकांची कल्पना असते. परंतु दांडा हाच खोडाचा वर्धनबिंदू असल्यामुळे तो कापल्यावर नवीन पाने येण्याचा मार्ग उरत नाही. मेक्सिकोतील पारंपरिक व्यवसायाने याची प्रचिती पूर्वीच दिली आहे. तेथे मोठ्या जातींचा पुष्पदंड निघण्याच्या सुमारास मधला कोंब काढून टाकतात आणि तेथे केलेल्या पोकळीत जमणारा गोड रस कित्येक महिने रोज गोळा करतात. तो आंबवून पुल्के हे पेय तयार होते. दांडा न येताही अशी वनस्पती रस संपल्यावर मरतेच. म्हणून जागा सुरक्षित असल्यास बागेतील फुलोरा पूर्ण होऊ द्यावा, हेच उचित होय. दांडा तारांना वा छपराला भिडणार असेल, तर मात्र तो कोवळा असतानाच कापणे शहाणपणाचे ठरते. वाढलेला दांडा जड असतो व पडताना इजा करतो.

या वर्षी जादा पाणी किंवा खत देऊन उपयोग होत नाही. पाने पिवळी पडणे हा या वेळी रोग नव्हे. खरी कूज ओळखण्याच्या खुणा वेगळ्या आहेत. तीत दांडा न येताच मधली पाने सहज उपटून येतात, बुंधा मऊ पडतो व दुर्गंधी सुटते. स्किफोफोरस ॲक्युपंक्टेटस हा सोंड्या किडा बुंध्यात अंडी घालतो व त्याच्या अळ्या गाभा पोखरतात, तेव्हाही अशीच लक्षणे दिसतात. मूळचा अमेरिकेतील हा किडा इतर खंडांतही पसरला आहे. कुजलेले रोप मुळासकट काढून नष्ट करावे व त्या जागी लगेच दुसरे घायपात लावू नये.

महत्त्वाची काळजी पुढील पिढीची घ्यावी लागते. बाग नीटनेटकी ठेवण्याच्या हेतूने दरवर्षी सर्व मुनवे काढून टाकले असल्यास, फुलोऱ्यानंतर रिकामा खड्डाच उरतो. त्यासाठी वनस्पती दहा वर्षांची झाल्यावर निदान दोनतीन मुनवे राखावेत किंवा अन्यत्र लावून ठेवावेत. मूळ झुबका मेला, तरी त्याच्या मुनव्यांतून तीच वनस्पती आनुवंशिक दृष्ट्या अबाधित चालू राहते. बिया पक्व झाल्यावर सुकलेला दांडा दोरीने ओढ देऊन मोकळ्या बाजूस पाडावा. तो वाळल्यावर हलका होतो व मांडव, कुंपण किंवा वेलींच्या आधारासाठी उपयोगी पडतो.

इतर जाती : सिसाल (ॲ. सिसालाना) या जातीच्या पानांना कडेचे दात बहुधा नसतात, फुलोरा ५–६ मी. उंच असतो. बी क्वचितच धरते, परंतु फुले गळाल्यावर फांद्यांवर शेकडो कंदिका म्हणजे लहान रोपे येतात व ती गळून रुजतात. लहान बागेस योग्य जाती म्हणजे ॲ. ॲटेन्यूएटा होय. तिची पाने मऊ व बिनकाट्यांची असून २–३ मी. लांबीचा फुलोरा कोल्ह्याच्या शेपटीसारखा खाली वाकलेला असतो. फर्क्रिया फीटिडा ही जवळची वनस्पती ७ मी. किंवा अधिक उंचीचा, हिरवट पांढऱ्या लोंबत्या फुलांचा फुलोरा आणते व कंदिकांनी पसरते.

कोरफडीशी घायपाताची गल्लत केली जाते, परंतु दोन्हींत मूलभूत फरक आहे. कोरफड पूर्वगोलार्धातील असून तिच्या पानात धागे नसून गर असतो. तिचा ६०–९० सेंमी. उंचीचा फुलोरा पानांच्या बगलेतून येतो, खोडाचा वर्धनबिंदू शाबूत राहतो व त्यामुळे ती वर्षानुवर्षे फुलते. कोरफडीच्या अनुभवावरून घायपाताबद्दल दरवर्षीच्या फुलांची अपेक्षा करणे म्हणूनच चुकीचे ठरते.

आर्थिक महत्त्व : सिसालाच्या पानांपासून दोर, सुतळी व चटया यांकरिता वाख काढतात. पानाच्या वजनाच्या सुमारे ४ टक्केच धागा मिळतो. रिखार्ट हिंडॉर्फ यांनी १८९३ मध्ये फ्लॉरिडाहून मागविलेल्या रोपांपासून त्या वेळच्या जर्मन पूर्व आफ्रिकेत, म्हणजे आजच्या टांझानियात, सिसालाचे मळे उभे राहिले. निळ्या घायपातापासून (ॲ. टेकिलाना) टेकिला हे मद्य करतात, त्याच्या नावाला मेक्सिकोत १९७४ पासून विधिवत संरक्षण आहे व टेकिला परिसरातील घायपाताच्या भूदृश्याचा २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांत समावेश झाला. गाभ्यातील शर्करा खर्च होऊ नये म्हणून हे घायपात फुलण्यापूर्वीच तोडतात व नवी लागवड मुनव्यांनीच करतात. त्यामुळे वटवाघळांचे खाद्य कमी झाले, तसेच मळ्यांत आनुवंशिक विविधता उरली नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस रोगांच्या साथींनी तेथील पिकाचे मोठे नुकसान झाले. काही झाडे फुलण्यासाठी राखून ठेवण्याचा उपाय आता तेथे काही मळेवाले करीत आहेत.

घायपात व तिच्या जवळच्या जाती परदेशांत सहज रानटी होतात व स्थानिक वनस्पतींना हटवून माळ व्यापतात. भूमध्य समुद्राचा किनारा व दक्षिण आफ्रिका येथे असे घडले आहे. म्हणून काढलेले मुनवे व गळलेल्या कंदिका ओढ्याकाठी, टेकडीवर वा मोकळ्या माळावर टाकू नयेत; त्या मातीशिवायही दीर्घ काळ जिवंत राहतात व पहिल्या पावसात रुजतात. पूर्ण वाळवून जाळणे किंवा बारीक तुकडे करून खोल पुरणे हे त्यांची विल्हेवाट लावण्याचे खात्रीचे मार्ग होत.